बारापैकी दहा वेळा पांढरं

कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एकीला हसता हसता ठसका लागला आणि माझ्या धुतलेल्या चादरीचं वाटोळं झालं. हसायचं ते माझ्यावरच आहे, तेव्हा लाजू नका. चुका मी आयुष्यात पुष्कळ केल्या. पण वहीत आकडेमोड करून, खाली दोन रेघा मारून, वीस बायकांसमोर उभं राहून केलेली चूक ही एकच!

मला ओळखत नसाल तर सांगते. मी इंदूबाई. धुळ्याकडून सिल्वासाला आले त्याला तीस वर्षं झाली. शाळा चौथीत सुटली. पण शाळा सुटली म्हणून डोकं थोडंच सुटतं? गलोंड्याकडे एका धाग्याच्या कारखान्यात मी बावीस वर्षं पॅकिंगला होते. तिथे सुपरवायझर पेटीतून बारा बॉबिन उचलायचा. त्यातल्या तीन खराब निघाल्या की अख्खी पेटी परत. मी विचारायची, "तीनच का? दोन का नाही?" तो म्हणायचा, "बेन, हाथ चलाओ, मुँह नहीं."

तो प्रश्न मी बावीस वर्षं पदराला बांधून ठेवला.

मग माझी नात रेणू कॉलेजला गेली, संख्याशास्त्र घेतलं, आणि एक दिवस स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचायला लागली. मी भाकरी थापत होते. ऐकता ऐकता हात थांबला. अगं, हे तर माझ्या बॉबिनचं उत्तर! भाकरी करपली, ती रेणूच्याच ताटात वाढली, आणि त्या दिवसापासून ती वाचायची, मराठीत सांगायची आणि मी वहीत उतरवायची. दीड वर्षात मी तिच्यापुढे गेले. हे ती मान्य करत नाही. करू नये. तरुण माणसाला थोडा गर्व हवाच.

तर अशी मी. आता सुमन.

सुमन आणि मी एकाच टेम्पोतून सिल्वासाला आलो. तिचा पाटा-वरवंटा माझ्या मांडीवर, माझं धाकटं पोरगं तिच्या मांडीवर. आमली भागात आम्ही एकाच बैठ्या चाळीत राहिलो. पुढच्या ओळीत मी, मागच्या ओळीत ती, मध्ये अंगण आणि अंगणात कडुनिंब. माझे मालक वापीच्या दवाखान्यात महिनाभर पडून होते तेव्हा माझं घर हिनं चालवलं. सुमनला अक्षर वाचता येत नाही, पण आखाजीची सगळी गाणी तोंडपाठ. गौराईची, माहेरची, सासूला शिव्या देण्याची. आणि तिच्यामागे म्हटल्याशिवाय ती आम्हाला कुणालाच येत नाहीत.

आखाजी म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया. आम्हा खानदेशच्या बायकांना ती दिवाळीहून मोठी. गावी असताना माहेरी जायचं आणि झोक्यावर बसून आभाळ गाठायचं. इथे माहेर कुठलं? म्हणून आम्ही आखाजीच्या आधी पंधरा दिवस कडुनिंबाला दोर बांधतो आणि अंगणालाच माहेर करतो.

पण झोका एक आणि ओळी दोन! संध्याकाळी साडेपाचला उन्हं उतरतात आणि साडेसहाला नळाला पाणी येतं. पाणी आलं की झोक्यावरची बाई उडी मारून हंड्याकडे पळते. म्हणजे पहिला मान मिळालेल्या ओळीला मनसोक्त झोका, आणि दुसरीला दोन हेलकावे आणि हंडा. समजलं ना, पहिल्या झोक्याला किती किंमत?

त्यावर तोडगा मीच काढला होता. चिंचोका घ्यायचा, ओट्याच्या दगडावर एका अंगानं घासायचा. घासलेली बाजू पांढरी, न घासलेली काळी. तो उडवायचा. सुमन उडवणार, मी बाजू मागणार; मागितलेली पडली तर पहिला झोका आमचा, नाही तर त्यांचा. मी वयानं मोठी, मागायचा मान माझा. आणि मी दर वेळी मागायचे काळं. मी स्वतः रंगानं काळी आहे, आणि उगाच पांढऱ्याला मान द्यायची मला सवय नाही.

आता बघा काय झालं.

पहिल्या दिवशी पांढरं. दुसऱ्या दिवशी पांढरं. तिसऱ्या दिवशी काळं पडलं आणि आमची ओळ अशी ओरडली की रस्त्यावरचा रिक्षावाला थांबला. मग चौथ्या दिवशी पांढरं, पाचव्या दिवशी पांढरं, सहाव्या, सातव्या…

"आक्का, हे काय चाललंय?" आमच्या ओळीची मंगल म्हणाली. मंगल माझ्या शेजारची, आवाज भोंग्यासारखा. "आपण नुसते हंडेच भरायचे का?"

"धीर धर," मी म्हटलं. "थोड्या आकड्यांवरून बोलू नये." बघा, तोवर मी किती शहाणी होते!

तेराव्या दिवशी वही उघडली. बारा वेळा चिंचोका उडाला. दहा वेळा पांढरं. म्हणजे दहा वेळा सुमनची ओळ.

रात्र झाली की रेणू अभ्यासाला बसते, म्हणून मी दुपारीच तिला धरलं. "ये इकडे. हे बिनबुडाचं आहे का बुडाचं, ते बघू."

आमच्या शास्त्रात रीत अशी: आधी समोरच्याला निर्दोष धरायचं. चिंचोका सरळ आहे, उडवणारा हात सरळ आहे, काळं पडणं आणि पांढरं पडणं सारखंच सोपं आहे. एवढं धरून मग विचारायचं, तरीही असला निकाल लागण्याची शक्यता किती? त्या शक्यतेला म्हणतात पी-व्हॅल्यू. ती शंभरात पाचपेक्षा कमी निघाली की समजायचं, जे धरलं होतं त्यात काहीतरी खोट आहे. एवढंच. माझ्या बॉबिनच्या पेटीचंही हेच होतं.

रेणूनं फोन काढला. मी म्हटलं, "ठेव तो. मी हातानं करते."

ओट्यावर रांगोळीनं आकड्यांचा डोंगर मांडला. वर एक. खाली एक-एक. त्याखाली एक-दोन-एक. प्रत्येक आकडा म्हणजे डोक्यावरच्या दोघांची बेरीज. बाराव्या पायरीला ओटा संपला, शेवटचे तीन आकडे पायरीवर उतरले. बारा वेळा उडवलं तर एकूण तऱ्हा चार हजार शहाण्णव. त्यात बरोबर दहा वेळा पांढरं पडण्याच्या सहासष्ट.

"सहासष्ट भागिले चार हजार शहाण्णव!" मी ओरडले.

"आजी, चुकलं," रेणू फोनमधून मान वर न काढता म्हणाली. "नुसतं दहा नाही. दहा किंवा त्याहून जास्त. अकरा पडले असते तर तू गप्प बसली असतीस का?"

आता हे खरं होतं. अकराच्या बारा तऱ्हा, बाराची एक. सहासष्ट, बारा आणि एक: एकोणऐंशी. एकोणऐंशी भागिले चार हजार शहाण्णव. शंभरात जेमतेम दोन!

शंभरात दोन! कारखान्यात असती तर ही पेटी गेटवरूनच परत गेली असती.

आणि इथे, मंडळी, इथे माझं डोकं घसरलं. मी काय म्हणाले असेन?

"म्हणजे सुमन सरळ असण्याची शक्यता शंभरात दोन. आणि लबाडी करत असण्याची शंभरात अठ्ठ्याण्णव!"

रेणूनं फोन खाली ठेवला. "आजी, तसं नसतं."

"का नसतं? शंभरातून दोन गेले किती उरले?"

"वजाबाकी बरोबर आहे. पण…"

"वजाबाकी बरोबर आहे ना? मग झालं तर!"

"आजी, ऐक तरी…"

कोण ऐकतंय! मी साडी बदलायला गेले. आरोप करायचा तर इस्त्रीची साडी हवी.

साडेपाचला सगळ्या जमल्या. सुमन आपली नेहमीसारखी हसत आली, चिंचोका मागायला तळहात पुढे केला. मी चिंचोका दिला नाही. वही उघडली.

"थांबा सगळ्या. आज खेळण्याआधी मला बोलायचंय."

"बोल वं," सुमन म्हणाली. "पण लवकर बोल, पाणी येईल."

मी सांगितलं. बारा, दहा, डोंगर, एकोणऐंशी, सगळं. बायका रांगोळीकडे बघत होत्या, कुणाला वाटलं देवाचं यंत्र मांडलंय, एकीनं तर पाया पडून घेतलं. शेवटी मी बोट रोखलं. "धाग्याच्या कारखान्यात वाइंडिंगवर, म्हणजे धागा गुंडाळायला, ही पंधरा वर्षं होती. हिची बोटं मशीनपेक्षा जलद. चिंचोका कसा उडवायचा हे हिला पक्कं ठाऊक आहे. सुमन, शंभरात अठ्ठ्याण्णव तू लबाडी केलीस!"

मागची ओळ खवळली. "काय बोलता आक्का!" "जीभ आहे का काय!" मंगल इकडून ओरडली, "आक्कांनी हिशोबानं काढलंय, तोंडानं नाही!" हंडे आपटले, दोन पोरी रडायला लागल्या.

सुमन मात्र भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मला तिच्याशी भांडायला येतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली आणि मग म्हणाली:

"इंदे, मला वाचता येत नाही. वहीत लिहिलं असेल तर खरंच असेल."

आणि वळून घरी गेली. मागची ओळ तिच्यामागे.

झोका आमचा! पहिला मान आमचा, दुसराही आमचा! मी ऐटीत जाऊन बसले. मंगलनं झोका दिला. "म्हणा आक्का गाणं!"

मी गौराईचं पहिलं कडवं म्हटलं. दुसरं आठवेना. पहिलंच परत म्हटलं. मग परत. चौथ्या वेळी मंगल म्हणाली, "आक्का, नुसतंच बसा." कडुनिंबाच्या फांदीचा करकर आवाज तेवढा येत राहिला. अंगणाच्या पलीकडे सुमनच्या दाराला आतून कडी होती. वैशाखात, सिल्वासात, संध्याकाळी साडेपाचला दार लावून कोण बसतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नळावर आली नाही. सुनेला पाठवलं. तिसऱ्या दिवसावर आखाजी. तीस वर्षांत पहिली आखाजी, जिला सुमन गाणार नव्हती.

मला वाईट वाटलं का? नाही वाटलं! निदान रेणूला मी तसंच सांगितलं. आणि म्हणाले, "सुमनला अजून पटत नसेल तर मी आणखी पुरावा देते. मी स्वतः शंभर वेळा चिंचोका उडवते. माझा हात सरळ आहे. पन्नासच्या आसपास पडेल आणि सिद्ध होईल की खोट तिच्या हातात होती."

रेणू माझ्याकडे विचित्र बघायला लागली. "नक्की करायचंय का आजी?"

"लिहून घे!"

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी जेवणं आटोपल्यावर आम्ही जमिनीवर बसलो. मी उडवायची, रेणू रेघा मारायची. पांढरं. पांढरं. काळं. पांढरं. पांढरं. पहिल्या वीसला पांढरं चौदा.

"वारा लागतोय," मी म्हटलं. पंखा बंद केला.

चाळीसला अठ्ठावीस.

"लादी तिरपी आहे." चटई घातली.

साठला बेचाळीस. मी घामानं निथळत होते, पदरानं तोंड पुसत होते, आणि चिंचोका बेशरमपणे पांढरे दात काढून माझ्याकडे बघत होता. शंभर पुरे झाले तेव्हा रेणूनं रेघा मोजल्या.

"सत्तर पांढरे. तीस काळे."

"परत मोज."

"दोनदा मोजलेत."

रेणूनं आधी पंखा लावला, मग चिंचोका उचलून डोळ्यासमोर धरला. एका अंगाला जास्त घासलेला, दुसऱ्या अंगाला टेंगूळ राहिलेलं. लंगडा होता तो चिंचोका, जन्माचा लंगडा.

"आजी, हा घासला कुणी?"

"…मी."

"ठेवतं कोण?"

"मीच. माझ्या डबीत."

"आणि बारा दिवस काळं काळं कोण मागत होतं?"

आता तुम्हीच सांगा, याचं उत्तर द्यायला हवं का?

सुमननं तर एकदाही काही मागितलं नव्हतं! मी काळं मागितलं म्हणून तिच्या वाट्याला पांढरं उरलं. लंगडा चिंचोका मी घडवला, वाईट बाजू मी हट्टानं निवडली आणि हरल्यावर चोर तिला ठरवलं. चिंचोका शंभरात सत्तर वेळा पांढरा पडणारच असेल, तर बारात दहा किंवा जास्त येणं म्हणजे काय मोठं नवल? रेणूनं फोनवर काढून दाखवलं: शंभरात पंचवीस. दर चौथ्या आखाजीला व्हावं असं!

"पण मग ते शंभरात दोन?" मी म्हटलं.

रेणूनं माझा हात हातात घेतला. आखाजीसाठी पुरण घातलं होतं, बोटं हळदीनं पिवळी होती.

"आजी, आमरस खाल्ला की बोटं पिवळी होतात, हो ना?"

"होतात."

"मग तुझी बोटं पिवळी आहेत म्हणजे तू आमरस खाल्लास?"

"हळद आहे ती."

"तेच सांगत होते मी. सगळं सरळ असेल तर असं क्वचित घडतं, एवढंच तो आकडा म्हणतो. घडलं म्हणजे सुमनआजीच लबाड, असं तो म्हणत नाही. तू दोन गोष्टी सरळ धरल्या होत्यास, चिंचोका आणि सुमनआजीचा हात. काहीतरी वाकडं आहे एवढं कळलं. काय वाकडं आहे ते त्याला काय ठाऊक?"

"हे तू परवा का नाही सांगितलंस?"

"तू साडी बदलत होतीस."

आखाजीच्या दुपारी मी सांजोऱ्या तळल्या. पहिल्या घाण्याच्या फुटल्या, दुसऱ्या घाण्याच्या बऱ्या आल्या त्या ताटात घेतल्या, वर रुमाल टाकला आणि अंगण ओलांडलं. वीस पावलांचं अंगण. पण त्या दिवशी मला ते धुळ्यापर्यंत लांब वाटलं. दोन्ही ओळींतल्या खिडक्या उघड्या, प्रत्येक खिडकीत दोन डोळे.

कडी वाजवली.

"कोण?" आतून.

"मी."

"मी कोण?"

तीस वर्षांत माझा आवाज तिनं ओळखला नाही असं एकदाही झालं नव्हतं. "इंदूबाई."

"वही आणलीय का?"

"सांजोऱ्या आणल्यात."

दार अर्धं उघडलं. सुमननं ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "एकटीला काय सांगतेस? आरोप अंगणात केलास ना? मग माफी पण अंगणातच माग."

आता मी मानी बाई. नवऱ्याची कधी माफी मागितली नाही, सासूची तर नाहीच नाही. पण काय करता! अंगणाच्या मधोमध उभी राहिले, हातात सांजोऱ्यांचं ताट, आणि सगळं सांगितलं. चिंचोका मी घासला. मागितलं मी. शंभर वेळा उडवला तोही मी. आकडा बरोबर होता, त्याचा अर्थ मी चुकीचा लावला.

आधी मंगलचं हसू फुटलं, भोंग्यासारखंच, आणि पुढे सगळ्यांचंच. मघाशी सांगितलेल्या रांगोळीच्या पाया पडणारी तर खाली बसली पोट धरून.

सुमन हसली नाही. ती जवळ आली. "मला एक सांग वं इंदे. तुझ्या वहीत एवढ्या रेघा. आडव्या, उभ्या. बारा दिवसांची रेघ न् रेघ तू मोजलीस."

"मोजली."

"मग माझी तीस वर्षं कुठल्या रकान्यात धरलीस?"

वहीत तसला रकानाच नव्हता. मी रेणूकडे बघितलं.

"आजी," रेणू हळूच म्हणाली, "ते पुढच्या धड्यात आहे."

पुढच्या धड्यात! सुमनला अक्षर येत नाही, आणि ती माझ्या एक धडा पुढे!

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. वैशाखाचं ऊन होतं, घाम होता, काय काय होतं. सुमननं ताटावरचा रुमाल काढला, एक सांजोरी मोडली, अर्धी माझ्या तोंडात कोंबली. "रड आता, पण आधी खा. खायच्या आधी रडलीस तर मीठ जास्त होईल."

मग ती झोक्यावर चढली आणि तिनं जो गळा मोकळा केला! गौराई झाली, माहेर झालं, आणि सासूच्या शिव्यांच्या गाण्यात सासूच्या जागी तिनं माझं नाव घातलं. वीस बायकांनी मागून म्हटलं. मी पण म्हटलं. स्वतःला इतक्या सुरेल शिव्या मी कधी दिल्या नव्हत्या. साडेसहाला पाणी आलं आणि गेलं, एक हंडा भरला नाही कुणी.

इथे किस्सा संपला असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं होतं.

पोरांच्या सुट्ट्या होत्या म्हणून झोका पुढे काही दिवस तसाच ठेवला. चिंचोक्यावर आता कुणाचा भरवसा नव्हता. सुमन म्हणाली, "रुपयाचं नाणं घेऊ. आता उडव तू, मागणार मी." मी म्हटलं, चालेल. न्याय आहे.

पहिल्या संध्याकाळी तिनं छापा मागितला, काटा पडला. पहिला झोका आमचा. दुसऱ्या संध्याकाळी तिनं काटा मागितला, छापा पडला. आमचा. तिसऱ्या दिवशी आमचा. चौथ्या दिवशी आमचा. मंगल तर साडेपाचच्या आधीच झोक्यावर जाऊन बसायला लागली.

पाचव्या दिवशी नाणं खाली पडलं आणि मी बघायच्याही आधी मागच्या ओळीतून हाय निघाली. पाचपैकी पाच! उडवणारा हात माझा!

सुमन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "इंदे. आण तुझी वही."

"कशाला वं? खेळच आहे."

"आण म्हणते ना!"

रेणू वही घेऊन आलीच होती, घरभेदी पोरगी. सगळ्या गोल करून उभ्या राहिल्या. मी मांडलं. पाच वेळा नाणं, तऱ्हा बत्तीस. पाचही आमच्याच बाजूनं पडण्याची एक. बत्तिसात एक म्हणजे…

"किती?" सुमननं विचारलं.

"शंभरात तीन," मी म्हटलं.

"मोठ्यानं बोल."

"शंभरात तीन!"

"आणि लबाडी कितीच्या खाली?"

"…पाचच्या."

अशा काही ओरडल्या त्या! "आक्का धरल्या!" "शंभरात सत्त्याण्णव आक्का लबाड!" मंगल, माझ्या ओळीची मंगल, सगळ्यांत मोठ्यानं! मी नाणं उलटंसुलटं करून बघत होते, त्यावर कुणी काही घासलंय का. आणि तेवढ्यात, मंडळी, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"थांबा! थांबा! हिशोब चुकला!" मी हात वर केला. "पाचही माझ्या बाजूनं पडणं विचित्र, कबूल. पण पाचही सुमनच्या बाजूनं पडले असते तरी ते तेवढंच विचित्र झालं असतं की नाही? मग तेही धरायला नको? नाणं दोन बाजूंचं, हिशोबही दोन बाजूंचा हवा! बत्तिसात एक नाही, बत्तिसात दोन! म्हणजे शंभरात सहा! पाचच्या वर! मी निर्दोष! विचारा रेणूला, पुस्तकात आहे!"

सगळ्यांनी रेणूकडे बघितलं. रेणूनं मान हलवली. "आहे. दोन्ही बाजू धरतात."

मी छाती पुढे काढली. बघा! एवढ्या गोंधळातही शास्त्र सोडलं नाही.

सुमन माझ्या अगदी जवळ आली. आवाज तिचा लोण्यासारखा.

"आणि माझ्या वेळी किती बाजू धरल्या होत्यास वं, इंदे?"

रेणूला हसू आवरेना, तिनं वहीनं तोंड झाकलं.

"बोल ना. मला वाचता येत नाही, पण ऐकू येतं."

"…एक."

त्या संध्याकाळी पहिला झोका मागच्या ओळीनं घेतला. दुसराही त्यांनीच. मी हंडे भरले, दोन्ही ओळींचे.